पासष्ट पूर्ण

डिसेंबरातल्या एका रविवारी राजदीपनं नेरच्या विहारात सगळ्यांना बोलावलं आणि नेपाळात कोणाला जाता येतं, कोणाला नाही, हे समजावून सांगितलं. राजदीप यवतमाळचा. दर हिवाळ्यात तो एक बस करायचा: सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि तिथून सीमेपलीकडे लुंबिनी. यंदा नेरमधून एकोणतीस नावं आली होती.

"नेपाळले व्हिसा लागत नाही," तो म्हणाला. "पासपोर्ट नसला तरी चालते. पन याचा मतलब असा नाही का नुसतं उठलं आन चाललं. मतदान कार्ड पाहिजे, ओरिजिनल. झेरॉक्स नाही, मोबाइलमधला फोटो नाही. आन आधार कार्ड चालत नाही."

"आधार तं सगळीकडे चालते," मागून कोणीतरी म्हणालं.

"तिथं नाही चालत. दोघायलेच चालते. पंधराच्या आतल्या लेकरायले, आन ज्यायचे पासष्ट पूर्ण झाले त्यायले. मधातल्या लोकायले मतदान कार्ड, नाही तं पासपोर्ट. एका साली माह्या गाडीतल्या एका बाईले सीमेवरून वापस यावं लागलं. पूरी गाडी रडली. मले पुन्हा तसं नाही पाहिजे."

पुढच्या रांगेत बसलेल्या सत्यशीलेनं हात वर केला. तिचं मतदान कार्ड दोन वर्षांपूर्वी नाल्याचं पाणी घरात शिरलं तेव्हा पेटीतल्या बाकी कागदांबरोबर गेलं होतं. तेव्हापासून ती आधारवरच सगळं निभावत होती. नव्या कार्डासाठी सुनेनं, ममतानं, आठवड्यापूर्वी अर्ज भरला होता, पण ते पोस्टानं यायला महिना-दीड महिना लागेल असं सांगितलं होतं. बस निघायला तेवीस दिवस उरले होते.

"पन माहे पासष्ट कवाच झाले," ती म्हणाली. "मी दीक्षेच्या सालची. एकोणसत्तर झाले."

राजदीपनं तिचं आधार कार्ड हातात घेऊन पाहिलं. "मावशी, यावर एक जानेवारी बासष्ट आहे. म्हनजे तुम्ही चौसष्टच्याही नाही झाल्या अजून."

सगळे हसले, तीही हसली. ती तारीख कशी पडली ते तिला ठाऊक होतं. आधारच्या कॅम्पात रेशनकार्डावरचं वय पाहून त्यांनी साल वजा करून काढलं होतं. रेशनकार्डावर वय कोणी, कुठून लिहिलं, देव जाणे. तिचं काही अडत नव्हतं, म्हणून तिनं ते कधी दुरुस्त केलं नाही.

"जन्माची जुनी नोंद मिळन कुठं?" राजदीपनं विचारलं. "नोंद मिळाली तं दाखला निघते, दाखल्यावरून आधार बदलून घेऊ. मी सोबत येतो सेंटरवर. पन लवकर करा."

सत्यशीलेच्या शेजारी तिचा धाकटा भाऊ गोविंदा बसला होता. एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर होता, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला. बायको गेल्यावर बहिणीच्याच गल्लीत घर घेऊन राहायला आला. त्याचं मतदान कार्ड खिशातच होतं. त्याला कसलीच अडचण नव्हती. अडचण डोळ्यांची होती. काचबिंदूनं एक डोळा जवळजवळ गेला होता, आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते की औषध घालत राहा, पण वर्षभरानंतरचं मी सांगू शकत नाही.

"उद्याच जाऊ मुकुटबनकडे," तो बहिणीला म्हणाला. "यंदा नाही गेलो तं मी काय पाहीन?"

दोघांचा जन्म मुकुटबनचा. त्यांच्या आईनं म्हातारपणी एकच गोष्ट मागितली होती. "नागपूर पाह्यलं, लुंबिनी राह्यलं," असं ती म्हणायची. मग म्हणायची, "मी नाही तं तुम्ही तरी पाहा. दोघं संगं जा." अकरा वर्षांपूर्वी ती सत्यशीलेच्याच घरी वारली. तेव्हा गोविंदाची नोकरी होती, मग त्याची बायको आजारी पडली, मग सत्यशीलेचे यजमान गेले. संगं जाणं राहतच गेलं.

आईची नागपूरची गोष्ट सगळ्या नेरला पाठ होती. छप्पन्न साली दसऱ्याला ती आणि उकंडा, म्हणजे या दोघांचे वडील, मुकुटबनहून निघाले. काही वाट पायी, काही बैलगाडीत, पुढं रेल्वेत. कडेवर सात महिन्यांची पोर होती. गर्दीत पोर रडेना, टकामका पाहत राहिली. परत आल्यावर तिचं जुनं नाव टाकून दिलं आणि नवं ठेवलं, सत्यशीला. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आई ही गोष्ट विहारात सांगायची, आणि सत्यशीला मान खाली घालून ऐकायची. आई गेल्यावर लोक सत्यशीलेलाच उभं करू लागले. एका वर्षी दीक्षाभूमीवर हजर असलेल्या तालुक्यातल्या सात म्हाताऱ्यांचा सत्कार झाला. त्यांत ती सगळ्यांत लहान होती. "एवढं वय वाटत नाही हो तुमचं," असं त्या दिवशी किती जण म्हणाले. तसं लोक तिला नेहमीच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं दोघं निघाले. नेरहून यवतमाळ, यवतमाळहून पांढरकवडा, तिथून पुढं आणखी एक गाडी. पायऱ्या चढताना गोविंदा बहिणीच्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि आत गेल्यावर सवयीनं मागच्या दाराकडे वळायचा. तिकीट काढताना कंडक्टरला तो म्हणाला, "माह्या चौतीस वर्षात एक माणूस बिनतिकिटाचा नाही गेला. सख्ख्या मामाचंही तिकीट फाडलं म्या."

"साऱ्यायले सांगत राह्य," सत्यशीला म्हणाली.

तालुक्याच्या कचेरीत जुन्या कागदांची खोली मागच्या बाजूला होती. तिथं हरिसिंग राठोड नावाचे कारकून होते, निवृत्तीला आलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. अर्ज वाचून त्यांनी दोघांना आतच बसायला सांगितलं.

"छप्पन्नचं कोतवाल बुक पाहावं लागेल," ते म्हणाले. "गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे पूर्वी कोतवाल लिहून ठेवायचा. मुकुटबनची बुकं बरी आहेत. वाळवी कमी लागली आहे."

लाल कापडात बांधलेला गठ्ठा त्यांनी टेबलावर सोडला. पानं तपकिरी झाली होती आणि कडांना तुटत होती. हरिसिंग बोट न टेकवता, कागदाच्या वरून बोट फिरवत वाचत गेले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च.

"हे घ्या. अकरा मार्च एकोणीसशे छप्पन्न. बाप उकंडा मुनेश्वर. मुलगी."

नावाच्या रकान्यात 'कचरी' लिहिलं होतं. जातीच्या रकान्यात जुनी जात होती. सत्यशीलेनं ते स्वतः वाचलं. दुसरी पास होती ती. अक्षर लावून लावून वाचता यायचं.

"हेच माहं पहिलं नाव," ती गोविंदाला म्हणाली. "माय सांगे. दीक्षा घेतली आन मंग बदललं." तिचा चेहरा फुलला होता. "पाह्य, एकोणसत्तरच निघाले ना!"

हरिसिंगांनी नक्कल लिहायला कागद घेतला. तेवढ्यात सत्यशीलेला काय वाटलं कोण जाणे. आपलं सापडलं तर भावाचंही पाहावं, एवढंच असेल. "साहेब, याचीही पाहा ना नोंद. त्रेसष्ट सालची आहे. एवढं आलोच आहो तं."

हरिसिंगांना घाई नव्हती. त्यांनी पुढची बुकं काढली. पानं उलटत एकोणसाठवर आले आणि थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग पुढं गेले, एकसष्टमध्ये पुन्हा थांबले. त्रेसष्टपर्यंत ते गेलेच नाहीत.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या वडिलांना तुम्ही दोघंच होता का?"

"दोघंच. काहून?"

त्यांनी बुक तिच्याकडे फिरवलं. दोन फेब्रुवारी एकोणीसशे एकोणसाठ. मृत्यू. सत्यशीला, बाप उकंडा मुनेश्वर. वय तीन वर्षे. कारण देवी. जातीच्या रकान्यात आता 'बौद्ध' लिहिलेलं होतं.

सत्यशीलेनं ते दोनदा वाचलं. आपलंच नाव मेलेल्यांच्या यादीत वाचताना तिला आधी वाटलं, कोतवालानं चूक केली. मग हरिसिंगांनी दुसरं पान समोर ठेवलं. नऊ सप्टेंबर एकोणीसशे एकसष्ट. जन्म. बाप उकंडा मुनेश्वर. मुलगी. नावाची जागा कोरी.

"हे..." ती म्हणाली, आणि तिनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

गोविंदाला अक्षरं दिसत नव्हती. "काय आहे, ताई? काय लिहिलं आहे?" तो विचारत राहिला. शेवटी हरिसिंगांनीच त्याला तिन्ही नोंदी वाचून दाखवल्या. वाचताना त्यांनी आवाज मुद्दाम सपाट ठेवला होता.

मग ते बाहेर गेले आणि स्वतः पाण्याची बाटली घेऊन आले. "नक्कल कोणत्या नोंदीची देऊ, ते सांगा," ते म्हणाले. "घाई नाही. कचेरी सहापर्यंत आहे."

बाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. दोघं तिथं बसले. गोविंदा म्हणाला, "मंग मले कडेवर कोन घेत होतं? तू तं सांगत होती, सात वर्षाची होती तू."

"मीच घेत होती. दोन-तीन वर्षाची पोरगी वर्षाच्या पोराले घेतेच ना ओढून-ताणून. म्हनून तं मी पडत होती सारखी."

ती थांबली. काहीतरी मोजत होती. "गोविंदा, माहं लगन सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात झालं. माय म्हने, एकवीस झाले, आता किती दिवस घरात ठेवतं?"

"हाव."

"म्हनजे मी सोळाचीही नव्हती."

गोविंदानं तिच्याकडे मान वळवली. ती रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"मले सासरी काहीच जमत नव्हतं," ती म्हणाली. "सासू म्हने, एवढी घोडी झाली आन भाकर थापता येत नाही. मले वाटे, माह्यातच काही कमी आहे. साऱ्या पोरी शिकतात, मलेच काहून येत नाही. बाकीच्या एकवीसच्या होत्या गोविंदा, मी पंधराची होती."

त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग खाली पाहत तो म्हणाला, "ताई, एक सांगू? ती छप्पन्नचीच नोंद घेऊन टाक."

तिला आधी कळलंच नाही.

"नक्कल घेऊ. दाखला काढू. आधारवर छप्पन्न पडन, पासष्टच्या वर जाशील. कोन पाह्यते एकोनसाठचं पान? आतापर्यंत कोनी पाह्यलं नाही. राठोड साहेबही काही म्हननार नाहीत, भले मानूस आहेत. मायची इच्छा होती. तू नाही येत तं मी एकटा जाऊन काय करू?"

सत्यशीला त्याच्याकडे पाहत राहिली. सकाळी गाडीत मामाच्या तिकिटाची गोष्ट सांगणारा हाच माणूस. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याला किती जड गेलं असेल हे बोलायला, ते तिला समजत होतं, आणि म्हणून तिला राग आला नाही.

"नाही रे," ती म्हणाली.

"काहून नाही? तिचं काय जाते आता?"

"तिच्यापाशी आहेच काय? कागदावरच्या दोन ओळी. त्यातली जन्माची मी नेली तं तिच्याजोळ नुसती मेल्याचीच उरते. साठ वर्षं तिचं नाव वापरलं म्या. तिचं वय वापरलं. तिची नागपूरची गोष्ट माही म्हनून सांगतली, शाल घेतली. मले मालूम नव्हतं तवरोक ठीक होतं. आता मालूम आहे ना."

ती उठली आणि आत जाऊन हरिसिंगांना म्हणाली, "तिन्ही नोंदींच्या नकला द्या."

कचेरीतून मुकुटबन जवळच होतं. तिथं त्यांची आत्या पुंजाबाई अजून होती. उकंडाची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली, दिराच्या मुलाच्या घरी ओसरीवर खाटेवर असायची. कान चांगले होते, आवाजही खणखणीत होता. दोघांना अचानक पाहून ती आधी घाबरली. मग सत्यशीलेनं काही न विचारता नकलेचा कागद पुढं धरून सांगितलं, "आत्या, एकोणसाठ सालचं आहे हे. देवीचं."

आत्याला वाचता येत नव्हतं, पण तिनं कागद घेतला आणि मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवला.

"कोनं सांगतलं तुले?"

"कोतवालानं लिहून ठेवलं होतं."

"उकंडा म्हने, कोनी नाव काढाचं नाही," आत्या म्हणाली. "माह्या भावानं शपथ घातली होती साऱ्यायले. माह्या मायचे चार लेकरं मेले, मंग हा झाला, म्हनून याचं नाव उकंडा ठेवलं. उकिरड्यावर टाकल्यावानी नाव ठेवलं का मरन नेत नाही, असं मानत जुने लोक. आन या शहाण्यानं पोरीचं सोन्यासारखं नाव ठेवलं तं तीच गेली. मंग तुह्या मायनं दोन-अडीच वर्षं तोंड उघडलं नाही व. पानी द्या तं प्यायची, नाही तं नाही. आमाले वाटलं, हे बी जाते."

"मंग?"

"मंग तू झाली. सुईननं तुले तिच्या मांडीवर ठेवलं, आन ती अडीच वर्षानं बोलली. म्हने, 'आली माही सत्यशीला.' उकंडा म्हने, अव, हे दुसरं आहे. तं म्हने, 'नाही. हेच आहे.' कोन काय बोलनार? बोलली हेच भल्लं होतं. तिचं झबलं तुले घातलं. तिचं वय तुले देल्लं. तू वर्षाची झाली तं म्हने, सहा वर्षाची झाली. आमी हसलो नाही."

"खरंच तिले तसं वाटत होतं का? का नुसती म्हने?"

आत्यानं विचार केला. "पहिले नुसती म्हनत असन. मंग वाटाले लागलं असन. तुह्या लग्नाच्या वक्ती म्या म्हटलं, वहिनी, लेकरू आहे थे, दोन साल थांब. तं माह्यावर अशी धावली. म्हने, 'एकवीस झाले तिले, मी नाही मोजले काय?' तिनं रोजचे मोजले होते व. फक्त दुसरीचे मोजले."

सत्यशीलेनं खाटेची कड धरून ठेवली होती. आयुष्यभर आई तिच्या केसांत तेल घालताना, तिचं बाळंतपण करताना, मरताना तिच्या तोंडाकडे पाहताना कोणाकडे पाहत होती, हा प्रश्न तिला पडला होता, आणि तो आत्याला विचारण्यासारखा नव्हता.

"कुठं ठेवलं तिले?" गोविंदानं विचारलं.

"नाल्याच्या अंगानं. तवा चिंच होती तिथं. आता वावर झालं आहे, कोनाचं तरी कापूस हाय त्यात. जाऊ नका, काही दिसत नाही."

तरी दोघं गेले. वेचणी होऊन गेलेलं कपाशीचं शेत होतं, वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. सत्यशीला बांधावर थोडा वेळ उभी राहिली. कुठं पाहायचं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं सगळ्या शेताकडे पाहिलं.

नेरला परतल्यावर गोविंदानं राजदीपला फोन करून आपलंही नाव काढायला सांगितलं. सत्यशीलेनं त्याच्या हातातून फोन घेतला. "त्याचं नाव राहू द्या. माहं काढा."

राजदीपनं मनापासून समजूत घातली. "मावशी, रिस्क घ्यायची का? कधी कधी सोडतात. पन नाही सोडलं तं तुम्हाले सीमेच्या अलीकडच्या गावात एकट्याच ठेवून आमाले जावं लागन."

"नोको. नियम आहे तं आहे. मी चौसष्टचीच आहो." हे तिनं पहिल्यांदा तोंडानं म्हटलं.

गोविंदाशी मात्र तिला चार दिवस भांडावं लागलं. "तुहे डोळे तुले थांबनार नाहीत," ती म्हणाली. "माह्यासाठी थांबून तू आंधळा झाला, तं मी ते कुठं ठेवू?" शेवटी तो तयार झाला. जानेवारीत बस निघाली तेव्हा तिनं त्याच्या पिशवीत डोळ्यांच्या औषधाच्या दोन बाटल्या घातल्या आणि राजदीपला दोनदा बजावलं की संध्याकाळी थेंब घालायची आठवण कर.

अकराव्या दिवशी दुपारी सीमेवरून गोविंदाचा फोन आला. "काहीच केलं नाही व त्यानं," तो म्हणाला. "कार्ड पाह्यलं, तोंड पाह्यलं, जा म्हने. एवढंच. दोन मिनिटं." मग म्हणाला, "एक म्हतारा होता पलीकडच्या गाडीत. आधारच दाखवलं त्यानं. त्यालेही जा म्हने. पासष्टचा होता."

"बरं झालं," सत्यशीला म्हणाली. "टोपी घाल. वारं असन तिकडं."

त्याच आठवड्यात पोस्टमननं तिचं नवं मतदान कार्ड आणून दिलं. फोटो जुनाच होता, वय कुठलंतरी होतं. ममता हळहळली. सत्यशीलेनं कार्ड पाहिलं आणि कपाटात ठेवायला तिच्याकडे दिलं.

गोविंदा परत आला तेव्हा विहारात सगळ्यांनी त्याला घेरलं. बुद्ध जन्मले त्या नेमक्या जागेवर काचेखाली दगड आहे, तो पाहिला का, असं जो तो विचारत होता. "पाह्यला, पाह्यला," तो म्हणत होता. "साजरा आहे." दुसऱ्या दिवशी बहिणीकडे जेवायला बसल्यावर त्यानं घास तसाच हातात ठेवला.

"ताई, मले नाही दिसला तो दगड."

"म्हनजे?"

"रांग होती. माही पाळी आली तं म्या वाकून पाह्यलं. वरून लाइट पडत होता काचेवर. मले नुसती चमक दिसली. मागचे लोक म्हनत, चला, चला. म्या हात जोडले आन पुढं झालो. कोनाले सांगतलं नाही म्या. तुलेच सांगून राह्यलो." त्यानं ताटाकडे पाहिलं. "हा डोळाही चालला व ताई. जाच्या पहिलेच गेलता बहुतेक. म्या मानत नव्हतो."

तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली. तो पाठ फिरवून हात धुवायला गेला तेव्हा तिनं डोळे पुसले. त्यानं पाठ फिरवायची वाट पाहायची खरं तर गरज नव्हती, त्याला दिसलं नसतं.

माघ पौर्णिमेला सत्यशीलेनं विहारात खीरदान ठेवलं. वंदना झाल्यावर ज्या घरांनी आपल्या गेलेल्या माणसांची नावं दिलेली असतात, ती वाचली जातात. कॉलेजात शिकणारी मैत्रेयी चिठ्ठ्या वाचत होती. एका चिठ्ठीशी ती अडखळली.

"मावशी, यात चूक झाली वाटते. तुमचंच नाव लिहिलं गेलं आहे."

"चूक नाही," सत्यशीला म्हणाली. ती आज पुढं बसली नव्हती. मागं बायकांत, भिंतीला टेकून बसली होती. "वाच."

"कालकथित सत्यशीला उकंडा मुनेश्वर," मैत्रेयीनं वाचलं. "मुकुटबन. वय तीन वर्षे."

सगळ्या माना मागं वळल्या. सत्यशीला उभी राहिली आणि तिनं सांगितलं. फार वेळ नाही लागला. नागपूरला कडेवर होती ती मी नव्हे, माझी मोठी बहीण. तिच्या मागून मी आले. आमच्या आईनं तिचं सगळं मला दिलं. मला हे दोन महिन्यांपूर्वी कळलं. सत्कार तिचा होता. पुढच्या वर्षीपासून मला उभं करू नका. एवढं बोलून ती खाली बसली. एका म्हाताऱ्या बाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो खीर वाटून होईपर्यंत उचलला नाही.

जाताना मैत्रेयीनं विचारलं, "मावशी, कशी होती ती दिसायला?"

सत्यशीलेला सांगता आलं नाही. आत्याला तिनं सगळं विचारलं होतं, हे सोडून.

सोमवारी ती एकटीच मुकुटबनला गेली. आत्या ऊन खात बसली होती. सत्यशीला खाटेखाली जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आत्या, मोठीचं काही सांग. काहीही."

आत्यानं डोळे मिटले.

"कुरळे केस होते," ती म्हणाली. "तुहे नाहीत तसे. रंग तुह्यापेक्षा सावळा. आन मांडीवर घेतलं का कानाची पाळी धरायची, ज्यानं घेतलं त्याची. धरूनच झोपायची. सोडवाले गेलं का जागी." तिनं आपल्याच कानाला हात लावला. "गुळाचा खडा देल्ला तं अर्धा आपल्या मुठीत ठेवायची, मुठीले मुंग्या लागायच्या. आन... बाई, आता आठवत नाही."

"आनखी?"

"आनखी काय व? तीन वर्षाचं लेकरू थे. त्याचं सांगाले किती असन?"